कोरिंथचा तास

कोहमाऱ्याच्या नाक्यावर बसची वाट पाहत होते, तेव्हा अनोळखी नंबरवरून हेमराजचा फोन आला. "ताई, आमची प्रमिलाताई गेली. सकाळी सडा टाकून राहिली होती, तिथंच..." प्रमिला म्हणजे त्याची थोरली बहीण, आमच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी, माझी मैत्रीण. महिना उलटला, तरी अनोळखी नंबर दिसला की मी फोन लगेच उचलत नाही.

गेल्या वर्षीचा तो तास आठवतो. एका मुलीनं कुठलासा व्हिडिओ पाहून विचारलं होतं, "मॅडम, ग्रीसमधी देवीच्या देवळात बाया ठेवत, धंद्यासाठी... खरं हाय काय?" प्रमिलानं प्रश्न टाळला नाही. कोरिंथ हे बंदराचं शहर, वर टेकडीवर ॲफ्रोडाइटी या प्रेमाच्या देवीचं देऊळ. तिथं अशा हजार बाया होत्या असं एका लेखकानं लिहिलं खरं, पण कितीतरी शतकांनंतर, ऐकीव. देऊळ तर अगदी लहान. खेळात जिंकलेल्या एका माणसानं देवीला बाया वाहिल्याचं जुनं गाणं आहे. पण वाहिल्या म्हणजे नेमकं काय, यावर अभ्यासक अजून भांडतात. "आणि त्या बायांचं स्वतःचं म्हणणं कुठंच सापडत नाही," ती म्हणाली होती.

वर्गात कुणीतरी हे मोबाईलवर टिपलं आणि "देवीच्या देवळात बाया" एवढाच तुकडा गावोगाव फिरला. कोरिंथही गळलं, ग्रीसही गळलं. लोकांना वाटलं, मॅडम आपल्याच देवीबद्दल बोलली.

मग माणसं मोटारसायकलींवरून कॉलेजात आली. प्राचार्य घामाघूम. "माफी मागून टाका मॅडम, विषय मिटवा." प्रमिलानं त्या सगळ्यांना वर्गात नेऊन बाकांवर बसवलं. मी दाराशी उभी होते. त्या मुलीचे वडील उठले.

"पोरीले हे कायले शिकवता, मॅडम?"

"तिनं विचारलं म्हणून. तुम्हीही पूर्ण ऐका, मग बोला."

तिनं तोच तास पुन्हा घेतला. निम्मे लोक मधेच उठून गेले, बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत राहिले. शेवटी वडिलांनीच विचारलं, "मंग त्या बायांचं काय झालं?"

"माहीत नाही," प्रमिला म्हणाली.

विषय मिटला असं आम्ही धरून चाललो. पण आमच्याकडच्या गोरेगावच्या बाजारात मागून कुणी गाडी हळू केली की ती बोलता बोलता थांबायची, गाडी पुढं गेली की पुन्हा भाजी निवडायची. "काऊन भेतेस?" मी विचारायची. "मी कायले भेऊ?" म्हणायची... आणि हसायची. आता लोक म्हणतात, त्या धसक्यानंच गेली. मला तसं लिहवत नाही. पुरावा काय, असं तिनं लगेच विचारलं असतं.

परवा हेमराजसोबत तिची खोली आवरायला गेले. बाहेरून धूळ येत होती म्हणून दार आतून लावायला गेले, तर जुन्या कडीच्या वर एक जाड लोखंडी बोल्ट. कधी बसवला, हेमराजला ठाऊक नव्हतं. मलाही नाही. दांडीचा रंग पार उडालेला, लोखंड हाताळून गुळगुळीत झालेलं. मी तो सरकवून पाहिला... जरासुद्धा आवाज झाला नाही. तिनं त्याला तेल घालून ठेवलं होतं.