साईनाथची पिवळी फळी

साईनाथला कुणी अक्कल शिकवलेली खपत नसे. त्याच्या मते ती त्याच्याकडं जन्मापासून उरून पडली होती. साजगावच्या एका कारखान्यात तो कँटीन चालवायचा. पावसाळ्यात एकदा त्याची मटकीची उसळ बाधली आणि आठ-दहा कामगारांची पोटं बिघडली. त्यातला हिरू त्याचा लहानपणापासूनचा सोबती. त्याला तर खोपोलीच्या दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. बरा होऊन आला तो हातात डबा घेऊनच. बाकीचे हळूहळू परत जेवायला लागले. हिरू मात्र कोपऱ्यात पाठ फिरवून घरची भाकरी खायचा. ते बघून साईनाथला स्वतःचा घास गोड लागेना.

भाची संजना कॉलेजच्या लॅबमध्ये होती. तिनं भाजी चिरायची एक फळी आणून दिली, वापरून बघायला. फळीला हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचा लेप, सोबत एक निळा दिवा. त्या दिव्याचा उजेड लेपावर पडला की जंतू मरतात.

"मामा, चिरून झालं की धुऊन दिव्याखाली ठेव हां. रोज."

"अगं, मला शिकवतेस? तुला चालायला मी शिकवलं!"

आता गंमत बघा. हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. साईनाथनं डोकं लढवलं: उजेडात ठेवली तर रंग जाईल, आणि रंग गेला की औषध गेलं! म्हणून धुतली की ओलीच टॉवेलात गुंडाळून कपाटात. निळा दिवा लावला गणपतीच्या फोटोपुढं. दिसायचा मात्र झकास. वर हिरूला ऐकू जाईल अशा बेतानं रोज टिमकी, "आपल्याकडं जंतू येतो तो मरायलाच!"

महिन्यानं संजनानं फळी तपासली. जुन्या लाकडी फळीवर नव्हते तेवढे जंतू हिच्यावर.

"मामा, टॉवेलात? तू पांघरूण घालून झोपवलंस की रे त्यांना!"

साईनाथनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत, त्यानंच भर कँटीनमध्ये सांगून टाकलं, "बाबांनो, महिनाभर मी जंतूंचं बाळंतपण केलं!" हसून हसून लोकांना ठसका लागला. हिरूसुद्धा हसला. तेवढ्यानं धीर येऊन साईनाथ ताट वाढून त्याच्यापुढं गेला.

"हिऱ्या, आता तरी जेव रं. फळी दिव्याखालीच हाय, बघ."

हिरूचं हसू ओसरलं. "फळीचं काय घेऊन बसलास रं? पोट काय, कुणाचंबी बिघडतं. मी दवाखान्यात पडलो व्हतो, सगळी येऊन गेली. तू आला नाय."

साईनाथ दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन शरमेनं माघारी फिरला होता. ते सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण एरवी गावाला शहाणपण वाटणाऱ्या त्या तोंडातून शब्द फुटेना. हातातलं ताट घेऊन तो तसाच उभा राहिला.