बिंदूंची हजेरी

साळुंखे बाई वर्गात आल्या की मुलांची हजेरी नंतर, आधी फळ्यावरच्या बिंदूंची. वर्तुळ काढायचं, त्यात चौकोन बसवायचा आणि खडू आपटून विचारायचं, "ए?" आम्ही ओरडायचं, "हाजर!" "कुठं हाय?" "वर्तुळावर!" चारही कोपऱ्यांची अशी हजेरी लागली, की मगच समोरासमोरच्या कोनांची बेरीज एकशेऐंशी धरायची परवानगी. शेजारच्या वर्गातले सर वैतागून भिंत बडवायचे. पण लोणंदच्या कांदाबाजारात लहानपणी घडलेला बाईंचा आवाज, तो कुणाला दाद देतोय!

कडेगावच्या त्या शाळेत मी दहावीला गणितात सपशेल आपटले. आमच्या घरी मेंढरं. दिवाळी झाली की बिऱ्हाड पाटणच्या बाजूनं घाट उतरून कोकणात जायचं. आबांनी सांगूनच टाकलं, "जुलैच्या परीक्षेत पास झालीस तर शीक. न्हाईतर दिवाळीपासनं मेंढरामागं, आन् पुढल्या साली लगीन." आबा दुष्ट नव्हते हो, पण बोलले की बोलले. मी रडून रडून अर्धी झाले.

बाईंनी माझं रडगाणं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "रडून कोन निघतोय व्हय गं? पेन्सिल घे!" घरी बोलावून त्यांनी मला रोज गणितं घातली आणि माझी खोड बरोब्बर पकडली. वर्तुळात चौकोन दिसला रे दिसला, की मी डोळे झाकून एकशेऐंशीतून वजाबाकी करायची. मग एक कोपरा थेट वर्तुळाच्या केंद्रावर का असेना! बाई कपाळावर हात मारायच्या. "आगं, केंद्र म्हंजी मालक. मालकाची हजेरी कोण घेतंय? त्याला सोड, आन् वर्तुळावर नवा गडी उभा कर."

जुलैच्या पेपरात नेमकं तेच आलं. ए, बी, सी वर्तुळावर आणि चौथा कोपरा केंद्रावर, ओ. ओचा कोन एकशेदहा, समोरचा बीचा कोन काढा. हात सवयीनं सत्तर लिहायला निघाला, तोच कानात खडू आपटला. मी पुटपुटायला लागले, "ए, हाजर. बी, हाजर. सी, हाजर. ओ... अगं बाई, हा तर मालक!" पर्यवेक्षक धावत आले. "कुणाशी बोलतेस?" "बिंदूंशी, सर." त्यांनी वाकून बाकाखाली बघितलं.

मग बीच्या पलीकडच्या मोठ्या कंसावर मी डी नावाचा नवा गडी उभा केला. केंद्रावर एकशेदहा, म्हणजे डीला त्याच्या निम्मे, पंचावन्न. आता चौघंही वर्तुळावर! एकशेऐंशीतून पंचावन्न गेले, बीचा कोन एकशेपंचवीस. आईशप्पथ, बाकावर चढून नाचावंसं वाटलं.

पास झाले. चांगल्या मार्कांनी झाले! आबा स्वतः पेढे घेऊन बाईंच्या दारात गेले. "बाई, पोरगी जिंकली."

"जिकणारच हुती. आता तुमी शब्द पाळा, म्हंजी झालं."

"पाळला, बाई."

बाई माझ्याकडे वळल्या. "आता तुजी हजेरी सांगलीला. तितं दबक्या आवाजात देऊ नगंस."

दिवाळी सरली. आमची मेंढरं घाटाकडे निघाली, त्या सकाळी मी सांगलीच्या कॉलेजात बसले होते. सरांनी नाव घेतलं, "रूपाली कोळेकर?"

"हाजर!" अशी काही ओरडले, की अख्खा वर्ग मागे वळून बघायला लागला.