वैद्याचा हात मोडला त्या आठवड्यात

अपडेट आलं की माझा अंगठा आपोआप यादीच्या तळाला जातो. वरचं कोण वाचणार? वर नवे कपडे, नवा घोडा, सणाची सजावट. खरी गंमत खाली, बारीक अक्षरात असते. कुणाचा मार वाढला, कुणाचा घटला.

ज्यांनी असला गेम खेळला नाही त्यांना एका दमात सांगतो. आपण एक गडी निवडायचा. ढालवाला, तिरंदाज, मांत्रिक, वैद्य असे सात प्रकार. गेममधली इंग्रजी नावं लांबलचक होती, म्हणून आम्ही आमची ठेवली. गड्याला वाढवायचं, तिघांनी मिळून किल्ले घ्यायचे. आणि दर काही आठवड्यांनी कंपनी तराजू घेऊन बसते. ज्या गड्यानं सगळ्यांना झोडपलं त्याचा हात जरा मोडायचा, जो मागं पडला त्याला खुराक द्यायचा. मग आमच्यासारखे लोक जुना गडी कोपऱ्यात ठेवून खुराकवाल्याच्या मागं पळतात. दोन वर्षांत मी सहा गडी बदलले. सातवा वैद्य. तो मारायच्या कामाचा नाही म्हणून माझ्या तावडीतून वाचला.

गडी बदलायचं मला जड जात नाही. मी नकल्या माणूस. पहिल्या नंबरचा खेळाडू बोटं कशी फिरवतो ते व्हिडिओत बघायचं आणि तशीच फिरवायची, दोन दिवसांत जमतं. आवाजाचंही तेच. वैरागला शाळेत होतो तेव्हा गणिताच्या सरांचा आवाज असा काढायचो की सरांच्या बायकोनं ओ दिली असती. एकदा खिडकीमागून खाकरलो आणि सरांच्या आवाजात म्हटलं, "आज तास नाही, आवाज न करता घरी जा." अर्धा वर्ग गेलासुद्धा. उरलेला अर्धा वर्ग आणि खरे सर, दोघांनी मिळून मला धुतलं. आता सोलापुरात कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. दुपारनंतर मामाच्या मोबाईल कव्हरच्या दुकानात बसतो. गिऱ्हाईक नसलं की किल्ला.

आमचा गट तिघांचा. मी, अन्ना आणि मंद्रूपचा.

अन्ना म्हणजे आमचा कप्तान, त्याचा गडी कुऱ्हाडवाला. वय पस्तिशीचं, घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. त्यांचे टॉवेलचे चार माग. अन्ना मागापाशी उभा राहून खेळायचा, फोन सुताच्या कांड्यांच्या पेटीवर टेकवून. भर लढाईत ओरडायचा, "ए थांबा बे, धागा तुटला!" मग आम्ही दोघं राक्षसापासून लपून बसायचो, अन्ना धागा जोडून येईपर्यंत. एक माग थांबला तरी बाकीचे तीन चालूच. खटखट, खटखट. सुट्टीच्या दिवशी तो पोराबाळांना घेऊन फिरायला जायचा, फोनला हात लावायचा नाही. त्यामुळं मागाशिवाय अन्नाचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता.

मंद्रूपचा म्हणजे मंद्रूप गावचा, माझ्याच वयाचा. बारावीनंतर घरच्या शेळ्या-मेंढ्या बघतो. संध्याकाळी जनावरं कोंडली की पाण्याच्या टाकीखाली येऊन बसायचा, तिथंच रेंज. तो वैद्य. पहिल्या दिवसापासून वैद्य. मारायचं काम त्याला आवडायचंच नाही. आम्ही पुढं होऊन मार खायचा आणि त्यानं मागून हिरवा प्रकाश टाकून आम्हाला उठवायचं. किल्ल्यात शिरायच्या आधी त्याची एक सवय होती. तिघांच्या भोवती एक चक्कर मारायचा आणि म्हणायचा, "आली का समदी? कुनी मागं ऱ्हायलं न्हाय न्हवं?" तिघं तर होतो. तरी रोज.

"आरं, शेळ्या हायत का आमी?" मी विचारायचो.

"शेळ्या बऱ्या. हाक मारली की येत्यात. तू दर म्हैन्याला नवं तोंड घिऊन येतूस."

त्याची शेळ्यांना बोलवायची हाकही मी उचलली होती, जीभ टाळ्याला लावून काढायची. एकदा जनावरं अजून बाहेर होती आणि मी गेममधून ती काढली. पलीकडं स्पीकर चालू. सगळा कळप टाकीकडं पळत आला. मंद्रूपच्यानं मला ज्या शिव्या घातल्या त्या कन्नडमध्ये होत्या, कळल्या नाहीत. अन्ना मात्र इतका हसला की त्याच्या मागाचे दोन धागे तुटले.

तर, त्या आठवड्यात यादीच्या तळाला दोन ओळी होत्या. वैद्याचा हिरवा प्रकाश निम्मा केला. आणि सावल्या नावाच्या गड्याचा मार दीडपट.

मी संध्याकाळपर्यंत सावल्या झालो होतो.

आम्ही तेव्हा यादीत एकशे दहाच्या आसपास होतो. पहिल्या शंभरात आलं की नावाला सोनेरी चौकट मिळते. बास, एवढंच, चौकट. पण मला झोपेत ती चौकट दिसायची. निम्म्या प्रकाशाच्या वैद्याला घेऊन शंभरात जायचं कसं? माळशिरसचा एक जण होता, त्याचा सावल्या लई तयार. दोन सावल्या आणि अन्नाची कुऱ्हाड, म्हणजे चौकट नक्की. पण अन्नाला सांगितलं असतं तर त्यानं मलाच हाकललं असतं. त्याचं एकच म्हणणं, "गट म्हणजे गट बे."

आणि मंद्रूपच्याला मी स्वतः कसं सांगणार? दोन वर्षं रोज तो मला उठवत होता.

तेव्हा मी तेच केलं जे मला येतं. त्याच्याकडं माझा नंबर होता, अन्नाचा नव्हता, अन्ना आम्हाला गेममध्येच भेटायचा. मामा जेवायला गेल्यावर दुकानाच्या फोनवरून मंद्रूपच्याला फोन लावला. घसा खाली घेतला, शब्द जरा ओढले. "मी अन्ना बोलतोय बे. ऐक, तुझा वैद्य आता चालत नाही. काही दिवस थांब तू. आम्ही दुसरा घेतो. राग मानू नको."

पलीकडं एक शेळी ओरडली.

"बरं," तो म्हणाला. "जपून खेळा."

फोन ठेवला तेव्हा, खरं सांगायचं तर, मी जरा खूश होतो. आवाज लई भारी जमला होता.

त्या संध्याकाळी मंद्रूपचा आला नाही. दुसऱ्या दिवशी गटातून त्याचं नाव गेलेलं. अन्ना विचारत राहिला, "का गेला बे तो? न सांगता? दोन वर्षांत असं केलं नाही त्यानं." मी म्हटलं, "शेळ्यांचं काम असंल." माळशिरसवाल्याला घेतलं. आठवड्यात चौकट आली. सोनेरी, चारी बाजूंनी. मी स्क्रीनशॉट काढला, आणि कुणाला पाठवावा तेच कळेना.

किल्ल्याच्या दारात आता कुणी मोजत नव्हतं. माळशिरसवाला बाकीचे आलेत का ते न बघता आत घुसायचा. मी मागं वळून बघायचो, सारखं. अन्ना धागा जोडायला गेला तर तो थांबायचा नाही, एकटाच पुढं. मग पुढचं अपडेट आलं, सावल्याचा हात मोडला, आणि त्याच दुपारी माळशिरसवाला गेला. एक शब्द बोलला नाही. निदान दुसऱ्याचा आवाज तरी काढला नाही.

त्याच यादीत सगळ्यात खाली लिहिलं होतं: वैद्याचा प्रकाश पहिल्यासारखा, वर थोडा जास्तच.

दुसऱ्या दिवशी मंद्रूपला आठवडी बाजार होता. मी एसटी पकडली. रस्ताभर अंगठा स्वस्थ नव्हता. यादी उघड, बंद कर, पुन्हा उघड. काय बोलायचं ते वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघत होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं पिशवी उचलली आणि जागा बदलली.

तो बाजारात दोन करडं घेऊन उभा होता. आम्ही समोरासमोर पहिल्यांदाच भेटत होतो, तरी मला बघताच म्हणाला, "आलास व्हय."

"वळखलंस?"

"चाल तुज्या गड्यासारखीच हाय. उड्या मारत आलास की."

मी घाई केली. "बातमी हाय. वैद्याला खुराक दिला कंपनीनं. परत ये. अन्नाचं मी बगतो, त्याला समजावतो..."

"अन्नाला काय समजावनार?" त्यानं एका करडाचा दोर माझ्या हातात दिला. "त्यो काय बोललाय मला?"

मी करडाकडं बघितलं.

"आवाज झ्याक काढलास. एक घडीभर मला बी वाटलं, अन्नाच. पन माग कुटं होते?"

करडू माझी चप्पल चावत होतं.

"अन्ना बोलतोय आन् मागं येवढी शांतता? तवाच म्हटलं, ह्यो दुसराच हाय. आन् असं सोंग करनारा मला एकच ठाव हाय."

"मग तवाच का न्हाय बोललास? नुसतं बरं म्हटलंस."

"तुला सोताच्या तोंडानं सांगवंना झालं, म्हंजी तुला मी नगंच होतो. मग कशाला ऱ्हायाचं?" तो दुसऱ्या करडाचे कान चाचपत होता. "आन् आज आलास ते खुराक दिल्यावर."

मला कुठलाच आवाज सुचला नाही. सरांचा नाही, अन्नाचा नाही.

"अन्नाला सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"मग आदी सांग. त्यो मला न सांगता पळालेला समजत असंल."

म्हणजे आत्ता, इथंच. अन्नाचा नंबर मात्र मी चौकटीच्या नादात कधीतरी घेऊन ठेवला होता. लावला. खटखट, खटखट. "बोल बे," अन्ना ओरडला. मी सांगितलं. सगळं, दुकानाच्या फोनसकट. माझा आवाज बारीक येत होता, पोरीसारखा, मला तो ओळखीचाही नव्हता.

पलीकडं एक माग थांबला. मग दुसरा. मग तिसरा. चौथा थांबल्यावर मला अन्नाचा श्वास ऐकू आला.

"त्याच्याकडं दे फोन."

मी दिला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "व्हय अन्ना... न्हाय, राग कसला... करडं हायती, दोन... व्हय... हां." मध्येच तो हसला. मी करडाचा दोर मनगटाला गुंडाळत, सोडत उभा होतो. त्यानं फोन परत दिला तेव्हा अन्नानं ठेवला होता.

"काय म्हनला?"

"सांजच्याला ये म्हनला."

"आन् माजं?"

"तुजं काय बोलला न्हाय."

संध्याकाळी मी गेममध्ये आलो. किल्ल्याच्या दारात कुऱ्हाड आणि वैद्य उभे, तिसरी जागा मोकळी. मी लांबच थांबलो. नवा ताजा तिरंदाज घेऊन आलो होतो, याच अपडेटात त्याला बळ मिळालेलं. फोनमधून माग वाजत होते, पण अन्ना बोलत नव्हता.

मंद्रूपचाच बोलला. "त्यो तिरंदाज नगं. तुजा पैला ढालवाला कुटं हाय?"

"पडलाय कोपऱ्यात. पन त्याचा हात मोडून दीड वर्स झालं की. कंपनीनं पार वाट लावली त्याची. नुसता मार खाईल त्यो."

"मग खा की," अन्ना म्हणाला.

मी ढालवाला काढला. गंजलेली ढाल, जुने कपडे. वैद्यानं तिघांभोवती चक्कर मारली.

"आली का समदी?"