चिकूवाडीतल्या तबकड्या

नरपडला आमच्या शेजारच्या चिकूवाडीचे काका पूर्वी लग्नांत लाउडस्पीकर लावायचे. अजूनही मोबाइल कानाला लावण्याआधी ते त्यावर बोटानं टकटक करतात आणि "हॅलो, वन टू थ्री" म्हणतात. कॅसेट आल्या तेव्हा त्यांनी गाण्यांच्या तबकड्यांना कडेला भोकं पाडून त्या झाडांना टांगल्या. उन्हात चकाकल्या की पोपट चिकूकडे फिरकत नाहीत.

आता त्याच तबकड्यांसाठी मुंबईहून गाड्या येतात. उन्हानं पापडासारखी वाकलेली तबकडी लोकांना जास्तच अस्सल वाटते. भोकाचं विचारलं, तर काका गंभीरपणे सांगतात, "ती आमच्या वाडीची खूण."

परवा एका साहेबांनी तबकडी छातीशी धरून तिच्या आवाजातल्या उबेवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी वाजवता कशावर?"

"वाजवायची नाहीये हो. हॉलच्या भिंतीवर लावणार."

काकांनी ती हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली, सदऱ्यानं पुसली आणि परत फांदीला बांधली.

"मग इथंच बरी आहे," ते म्हणाले. "इथं निदान पोपट तरी दचकतात."