गुळावर पोसलेले जीव

नात मुंबईहून आली की मागे लागते, "आबा, त्या किड्यांच्या शेडमधलं लिहा ना!" अगं, चौथी पास माणूस मी, बोटं दुखतात. पण किस्से असे की एक काढला की मागून चार धावत येतात. घे, लिहितो. एकदाच!

महाडच्या एमआयडीसीत आमची लहानशी शेड होती. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावरल्या लाल दगडाची भुकटी पाण्याच्या टाकीत टाकायची आणि त्यातली वाळू वेगळी काढायची. काढणार कोण? डोळ्यांना न दिसणारे जीव! ते वाळूला चिकटले आणि खालून हवा सोडली, की वाळू फेसावर बसून वर. कामाची माती तळाला. मी नुसता झाडलोट करणारा, पण फेस चढला की मलाही नाचावंसं वाटायचं!

*

जीवांना खायला गूळपाणी. पोलादपूरकडच्या वाडीवरचा तुकाराम भुकटी चाळायचा. तो पहिल्याच दिवशी भडकला, "माझ्या बैलाला गूळ मिळत नाय, न् ह्या किड्यांचे लाड!"

जीव वाढवणाऱ्या नीला मॅडम म्हणाल्या, "तुमचा बैल वाळू वेगळी करतो का?"

"गूळ देऊन तर बघा!"

*

मॅडम जुन्या बाटलीतलं चमचाभर नव्या गूळपाण्यात घालत होत्या. माझी बायको डबा घेऊन आलेली. बघत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, वाटीभर मला पण द्या की. आमचं दही हल्ली लागतच नाय!"

मॅडम हसून हसून स्टुलावर बसल्या.

*

पहिल्यांदा फेस भरून आला, तेव्हा बाहेर धो धो पाऊस. तुका दारात जाऊन बोंबलला, "वर चढला रे, वर चढला!" महाडात पावसाळ्यात असं ओरडतात? समोरच्या चहावाल्यानं स्टोव्ह, साखर, म्हातारी, सगळं माळ्यावर नेलं! सावित्री नदी आपली पात्रातच.

*

शेडचे मुख्य परांजपे सर. तेलाचे वैरी! तुका डोकं चोपडून आला की त्याला नळाखाली धाडत. "थेंबभर तेल पडलं तरी फेस मरतो, कळतं का?"

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे साहेब ट्रायल बघायला येणार होते. जमलं तर शेड चालू, नाय तर कुलूप. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली. सरांनी तेलाचं निरांजन स्वतः टाकीच्या काठावर ठेवलं. "यंत्राजवळच पाहिजे!" आम्ही सोनं वाटायला बाहेर पडलो, सर मागून कुलूप लावून आले.

सकाळी साहेब हजर. हवा सोडली. बुडबुडे आले, फुटले. फेस नाय!

सर माझ्याकडे वळले. "यानंच फिनेलनं लादी पुसली! जीव मारले! उद्यापासून यायचं नाय!"

"फिनेल संपून महिना झाला," मी ओरडलो, "मागितलं तर तुम्हीच दिलं नाय!"

कोण ऐकतो! टाकी उपसायलाही मलाच उतरवलं. तळाला काहीतरी खणकन वाजलं. हात घातला, वर काढलं.

निरांजन. वातीसकट!

साहेब बघतात, मॅडम बघतात, तुका तर तोंडात पंचा कोंबून उभा. सर म्हणाले, "जरा पंखा लावा रे."

पंखा मीच लावला. दुसऱ्या दिवशीही शेड मीच झाडली, आणि फेस असा चढला की साहेबांचे बूट भिजले! पण माफीचा शब्द अजून यायचाय. काढणार कोण?

परांजपे सर.