यादीत नसलेली इस्त्री

आम्ही टाउनशिपमधली माणसं. क्वार्टरमधला पंखासुद्धा आमचा नव्हता, कारखान्याचा होता, आणि त्यावर रंगाने नंबर टाकलेला होता. नळ गळला, फ्यूज उडाला, की लोक कम्प्लेंट ऑफिसात जाऊन रजिस्टरमध्ये लिहून यायचे आणि माणूस येण्याची वाट बघायचे. आमच्याकडे तो माणूस घरातच होता. बाबा टाउनशिपच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये सुपरवायझर. शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाशेजारी टेस्टर. लग्नाला जेवायला गेलो तरी यांचं लक्ष पानाकडे कमी आणि मंडपाच्या वायरिंगकडे जास्त.

रिटायर झाल्यावर त्यांनी सोनागिरीत घर घेतलं, टाउनशिपला अगदी खेटून. मिस्त्री म्हणून कुणाला त्या घराचा उंबरा ओलांडू दिला नाही. "आपला हात जगन्नाथ," म्हणायचे. आईलाही त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू!

मग सत्तरीत त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप, मग सही. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. बाबांनी मान हलवली, आणि पुढच्याच आठवड्यात स्टुलावर चढून गीझर उघडला. बंद करायचा होता गीझरचा स्विच, बंद केला शेजारचा. करंट बसला, खाली पडले, मनगट मोडलं. मी बाग सेवनियातल्या माझ्या घरून रिक्षाने धावतपळत पोचले तेव्हा आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बाथरूमच्या ओल्या फरशीवर बसली होती. रडत नव्हती. त्यांचा हात नुसता चोळत होती.

माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. प्लॅस्टर घातलेल्या माणसाला मी जे काय बोलले, ते आठवून आजही शरम वाटते. "जीव जाईल तुमचा एक दिवस, मग करा दुरुस्त्या!" असं म्हणाले मी. आणि त्याच आठवड्यात घराचा विमा उतरवला. म्हणजे भिंतींचा नव्हे, आतल्या मशीनींचा. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, घरातलं वायरिंग, काहीही बिघडो, फोन करायचा, कंपनीचा माणूस येणार.

"न बिघडलेल्या गोष्टीचे पैसे आधीच भरलेस?" बाबांनी विचारलं.

"हो, भरले. आणि अट वाचा. कंपनीच्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणी मशीन उघडली, तर विमा रद्द."

खरं सांगायचं तर ती अट वाचूनच मी तो विमा घेतला होता. बाबा नियमाचे पक्के. मी ओरडून जे झालं नसतं, ते एका कलमाने झालं. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून मला परत दिला, आणि त्यानंतर कशालाही हात लावला नाही.

पावसाळ्यात वॉशिंग मशीन बंद पडली. कंपनीचा माणूस आला, चांगला सभ्य होता. बाबा टॉर्च घेऊन त्याच्या मागे उभे राहिले, आवाजावरून बेअरिंग गेलंय, असं सांगायला लागले. तो हसून म्हणाला, "अंकल, आप आराम से बैठिए ना." बाबा बसले. बसले ते बसलेच म्हणायला हवं. टीव्हीवर जे लागेल ते बघायचे, आणि दुपारी आईला विचारायचे, आज वार कोणता गं? शर्टाच्या खिशात आता नुसतं पेन. माणूस वाचला म्हणून मी खूश होते. घरातला माणूस कमी होत चाललाय, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

थंडी सुरू झाली तेव्हा आईचा फोन आला. "इस्त्री बंद पडली गं."

"ती यादीत नाही, आई. नवी घे."

"कशाला? हे बघताहेत ना."

पंधरा दिवसांनी पुन्हा इस्त्री. मग पुन्हा. दर वेळी तिच्या पिनेतून वायर निघालेली असायची. शेवटी मीच नवी इस्त्री नेऊन दिली. आईने ती खोक्यासकट कपाटावर ठेवून दिली, वर म्हणते कशी, जड इस्त्रीशिवाय सुती साडीला घडी येत नाही!

वर्ष संपत आलं. विमा पुन्हा करायचा होता, आणि या वेळी थोडे जास्त भरले की मिक्सर, इस्त्रीसारख्या लहान वस्तूही यादीत येणार होत्या. मी स्वयंपाकघरात आईला हे सांगितलं तर ती एकदम म्हणाली, "इस्त्री नको."

"अगं, सगळ्यात जास्त तीच तर बिघडते!"

"बिघडत नाही ती." आईने गॅस बारीक केला. "मी बिघडवते. पिनेचा स्क्रू सैल करते आणि वायर काढून ठेवते. बाथरूममध्ये पडले तेव्हा तुझ्यापेक्षा जास्त मी घाबरले होते, बाई. पण पिन हातात असते, भिंतीत नाही. तिच्यात कुठला आलाय करंट? इस्त्री बंद पडली म्हटलं की उठतात, दाढी करतात, चष्मा पुसतात. दोन तास लागतात त्यांना. मी समोर मटार सोलत बसते. तेवढे दोन तास मला माझा नवरा मिळतो. ते काढून घेऊ नकोस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विमा घेऊन मी केवढी हुशारी केली, असं वाटत होतं मला! मी तशीच बाहेरच्या खोलीत आले.

बाबा खिडकीच्या उन्हात टेबलाशी बसले होते. समोर वर्तमानपत्र, त्यावर उघडलेली पिन, हातात पेचकस. स्क्रूच्या खाचेत पेचकस बसता बसत नव्हता. घसरला, पुन्हा धरला, पुन्हा घसरला. मी मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"बाबा, ही वायर सारखी कशी हो निघते?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "आई काढते तुझी."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"तिला सांगू नकोस मला माहीत आहे म्हणून. सुरुवातीला ओढून तोडायची गं, तारांचा पार चेंदामेंदा. मला सगळी वायर पुन्हा सोलायला लागायची." त्यांनी वायरचं टोक उन्हात धरून मला दाखवलं. हात थरथरत होता, आणि चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी कौतुक होतं. "आता हे बघ. आधी स्क्रू सैल केला, मग अलगद काढली. एक तार वाकलेली नाही. आता हात बसलाय तिचा."