सगुणेच्या फोनमधला लवू

हर्ण्याच्या बंदरावर सगुणा लिलाव पुकारायला उभी राहिली की तिच्या आवाजाने दापोलीत दुकानं उघडतात, असं मी तिला तोंडावर सांगायचो. ती म्हणायची, “आजोबा, तुमी कान घरी ठेवून येत जावा!” एकदा एका पुण्याच्या पाव्हण्याला तिने बांगड्याचा भाव सांगितला, तर तो दचकून टोपलीतच बसला. पण ते राहू दे, पाल्हाळ लागेल.

गळ्याच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला. आता जी पुकारू शकत नाही तिला होडीवाले मासळी का देतील? मग माझ्या नातीने, अक्षयाने, तिच्या फोनवर सोय करून दिली. लिहायचं, की फोन मोठ्याने बोलतो. सोबत छोटा स्पीकर. फोन मात्र तिच्या नवऱ्याचा, लवूचा होता.

लवू तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. परतताना रेंज आली की तो रोज तेच लिहायचा, ‘बोट वळवतोय, चूल पेटव.’ त्याचं हे वाक्य साऱ्या बंदराला पाठ. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशीही तेच लिहिलं, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून केबिनमध्ये ठेवला, बाहेर आला आणि लाटेने त्याला उचललं. बोट आली, फोन आला, लवू आला नाही. सगुणेने चूल पेटवलेली होती.

तीस वर्षं बर्फात हात घालून तिच्या बोटांची टोकं बधिर झालेली. अक्षर दाबायला जावं, तर बोट पडायचं वरच्या पट्टीवर, जिथे फोन आपणहून शब्द सुचवतो. आणि त्या फोनला सवय लवूच्या शब्दांची.

पहिल्याच संध्याकाळी सुरमईची पाटी मांडली. गिऱ्हाइकं गोल करून उभी. सगुणेने बोली लिहिली, आणि स्पीकर खणखणीत म्हणाला, “बोट वळवतोय. चूल पेटव.”

लवूची बोट आता चालवणाऱ्या महिपतच्या हातातली पाटी खाली पडली. कुणीतरी समुद्राकडे बघितलं, मग सगळ्यांनीच. मीही बघितलं, खोटं कशाला सांगू?

चार दिवस हेच. शेवटी महिपत म्हणाला, “वहिनी, राग नको धरू. सोमवारपासून मासळी दुसरीकडे देतो. बोटीवर चढायला माणसं घाबरतात गो.”

रविवारी अक्षया रत्नागिरीहून आली. तिने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली, कीबोर्ड उंच केला, जरा दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटणार नाही असंही केलं. मग म्हणाली, “काकी, आता ही पट्टी. काकांचे शब्द पुसून टाकू?”

सगुणेने फोन ओढून घेतला. पट्टीवरचा मधला शब्द दाबला. पुढचा आला. तोही दाबला. ‘बोट वळवतोय चूल पेटव बोट वळवतोय चूल पेटव’. दाबतच राहिली. मग मला कळलं, ती त्याला विचारत होती. वळवलीस, मग पुढे काय झालं? फोन मात्र त्याच चार शब्दांत फिरत राहिला.

बऱ्याच वेळाने तिने एकेक अक्षर दाबून लिहिलं. फोन बोलला, “पट्टी बंद कर. पुसू नको. राहू दे त्याला आत.”

सोमवारी फोन फक्त सगुणेचं बोलला. एकही शब्द इकडेतिकडे नाही. लिलाव संपता संपता महिपत आला. त्याने आपली पाटी पायाने तिच्यापुढे सरकवली आणि फोनकडे पाठ करून उभा राहिला.